दोन्ही धागे तुटले, हे पेशीला कळते कसे?

केतकीवन

१९८८ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेड वाइनर्ट आणि लीलँड हार्टवेल यांनी यीस्टवर एक प्रयोग केला. रॅड-९ नावाचे जनुक निकामी झालेल्या यीस्टच्या पेशी क्ष-किरणांच्या माऱ्यानंतर फार मोठ्या प्रमाणात मरतात, हे आधीपासून ठाऊक होते. त्यांची डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडली असावी, असाच तर्क कोणीही केला असता. पण या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहिली, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. निरोगी पेशी किरणांनंतर विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबत होत्या. रॅड-९ नसलेल्या पेशी मात्र न थांबता विभाजित होत होत्या आणि तुटलेली गुणसूत्रे तशीच पुढच्या पिढीकडे सोपवून मरत होत्या. मग त्यांनी या सदोष पेशींना एका रसायनाच्या साहाय्याने काही तास विभाजनापासून रोखून धरले, आणि त्यांतील बऱ्याच पेशी वाचल्या. दुरुस्ती करण्याची क्षमता त्यांच्यात होतीच. उणीव होती ती इजेची दखल घेऊन थांबण्याची.

डीएनएच्या दुरुस्तीविषयी मराठीत बऱ्यापैकी लिहिले गेले आहे. टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्यानंतर तर वृत्तपत्रांतूनही त्याची ओळख झाली. दखल घेण्याच्या यंत्रणेविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही, आणि माझ्या मते जीवशास्त्रातला अधिक खोल प्रश्न तिथे आहे. दुरुस्ती हे रसायनशास्त्र आहे. दखल घेणे, वार्ता पोहोचवणे आणि निर्णय घेणे हे त्याहून काही अधिक आहे. म्हणून ही चर्चा मुद्दाम त्याच भागापुरती सुरू करत आहे.

सर्व इजा सारख्या नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या प्रत्येक पेशीत, कोणतेही विष वा किरण नसताना, केवळ शरीरातील पाणी आणि उष्णता यांमुळे दिवसाला सुमारे १०,००० बेस, म्हणजे डीएनएच्या लिपीतली अक्षरे, साखळीतून गळून पडतात. ही झीज विशिष्ट विकरे शांतपणे भरून काढतात. समोरचा धागा शाबूत असल्यामुळे रिकाम्या जागी काय हवे ते त्यावरून वाचता येते, आणि त्यासाठी साऱ्या पेशीला जागे करण्याची गरज पडत नाही. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की गोष्ट बदलते. तिथे वाचायला शाबूत प्रत उरत नाही, दोन टोके एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, आणि त्याच अवस्थेत विभाजन झाले तर गुणसूत्राचा तुकडा हरवतो किंवा भलत्याच गुणसूत्राला जोडला जातो. मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे ६०० कोटी बेस-जोड्या असतात. त्यांत अशी एक तूट शोधायची, तीही काही मिनिटांत, म्हणजे काय काम आहे याची कल्पना करून पाहावी.

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना हिवाळ्यात रुळाला तडा जाण्याचा अनुभव असतो. रुळांतून वाहणारा क्षीण विद्युतप्रवाह खंडित झाला की सिग्नल लाल होतो आणि गाडी थांबते. रूळ जोडणारे कर्मचारी त्यानंतर पोहोचतात. पेशीतही सिग्नल आधी आणि जोडकाम नंतर. फरक इतकाच की पेशीत प्रवाह नाही, तारा नाहीत. जे काही आहे ती प्रथिने आहेत, आणि त्यांच्यावर लावल्या व काढल्या जाणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा आहेत.

तूट प्रथम ओळखणाऱ्यांत एमआरएन नावाचा तीन प्रथिनांचा गट प्रमुख आहे: एमआरई-११, रॅड-५० आणि एनबीएस-१. हा गट तुटलेल्या टोकांना धरून ठेवतो आणि एटीएम नावाच्या प्रथिनाला तिथे ओढून आणतो. एटीएम ३,०५६ अमिनो आम्लांचे प्रचंड मोठे प्रथिन आहे आणि ते कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट जोडणारे विकर, आहे. एरवी एटीएमचे दोन रेणू एकमेकांना बिलगून निष्क्रिय असतात. तूट झाली की ते वेगळे होऊन सक्रिय होतात आणि सर्वप्रथम आसपासच्या हिस्टोनांवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, खूण करतात. एचटूएएक्स या हिस्टोनाच्या १३९ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि त्याला गॅमा-एचटूएएक्स असे म्हणतात. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विल्यम बॉनर यांच्या गटाने ही खूण शोधली. विशेष हे की ती तुटीपाशीच थांबत नाही. एमडीसी-१ नावाचे प्रथिन त्या खुणेला चिकटते, आणखी एटीएम तिथे आणते, ते एटीएम पुढच्या हिस्टोनांवर खूण करते, आणि असे करत करत तुटीच्या दोन्ही बाजूंना १० लाखांहून अधिक बेस-जोड्यांचा पट्टा खुणांनी भरून जातो. एका रेणूच्या पातळीवरची घटना इतकी मोठी होते की चमकणारी प्रतिपिंडे वापरली तर साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली ती ठिपक्यासारखी दिसते. हे ठिपके मोजून पेशीत किती तुटी आहेत याचा अंदाज आज जगभरच्या प्रयोगशाळांत घेतला जातो.

या पट्ट्यावर पुढे आरएनएफ-८ आणि आरएनएफ-१६८ ही प्रथिने युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणा जोडतात, आणि त्या खुणांवरून ५३बीपी-१ व बीआरसीए-१ ही प्रथिने तिथे येऊन पोहोचतात. टोके थेट जोडायची की दुसऱ्या प्रतीवरून नक्कल करून भरायची, हे बऱ्याच अंशी या दोघांपैकी कोणाचे वर्चस्व राहते यावर ठरते. पेशीने डीएनएची प्रत काढलेली असेल तर नक्कल करणे शक्य असते. नसेल तर थेट जोडणीलाच प्राधान्य मिळते.

त्याच वेळी वार्ता तुटीपासून दूरही जाते. एटीएम सीएचके-२ या दुसऱ्या कायनेजला जागे करते. सीएचके-२ तुटीपाशी बसून राहत नाही, ते केंद्रकभर फिरते आणि विभाजनाचे चक्र पुढे ढकलणाऱ्या सीडीसी-२५ कुटुंबातील प्रथिनांना निकामी करते. चक्र थांबते. तिसरी वार्ता पी-५३ या प्रथिनाकडे जाते, आणि त्याविषयी प्रतिसादांत सविस्तर बोलता येईल.

मानवात हीच उणीव घेऊन जन्माला येणारी मुले आहेत, म्हणूनच आपल्याला एटीएम हे नाव माहीत आहे. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात चालायला लागल्यापासून मुलाचा तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, रोगप्रतिकारशक्ती दुबळी असते आणि रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. अशा मुलांना कर्करोगासाठी नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिल्यावर भयंकर, कधी प्राणघातक परिणाम झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. १९८० साली पेंटर आणि यंग यांनी दाखवले की किरणांनंतर निरोगी पेशी डीएनएची प्रत काढणे मंदावतात, या रुग्णांच्या पेशी मात्र काढतच राहतात. १९९५ साली तेल अवीवमध्ये योसेफ शिलो यांच्या गटाने त्यामागचे जनुक ११व्या गुणसूत्रावर शोधून काढले आणि त्याला आजाराच्या नावावरूनच नाव दिले. यीस्टमधली ती न थांबणारी पेशी आणि तोल जाणारे हे मूल यांच्यामधले अंतर अवघ्या काही वर्षांत पार झाले, ही मला विसाव्या शतकातील जीवशास्त्राची एक मोठी कामगिरी वाटते.


सदाफुली

अतिशय सुस्पष्ट लेखन. मी रसायनशास्त्राची शिक्षिका असल्यामुळे फॉस्फेट जोडण्याचा भाग चटकन समजला. मात्र एक शंका आहे. थांबणे समजले, परंतु थांबल्यानंतर पेशी दुरुस्त होऊन पुढे जाणार की मरणार, हे कशावरून ठरते? पी-५३ हे प्रथिन दोन्ही कामे करते असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. एकच प्रथिन दोन विरुद्ध निर्णय कसे घडवून आणते, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात मला कधी सापडले नाही.


केतकीवन

सदाफुली, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

पी-५३ हे १९७९ साली प्रथम वर्णिले गेलेले, ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. मानवी कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्या कर्करोगांत त्याच्या जनुकात उत्परिवर्तन आढळते. निरोगी पेशी हे प्रथिन अखंड तयार करते आणि अखंड नष्टही करते. एमडीएम-२ नावाचे प्रथिन त्याला पकडून विघटनाकडे पाठवते, त्यामुळे त्याचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटांचेच असते. हा वरवर अपव्यय वाटतो. पण इजा झाल्यावर जनुक वाचून, आरएनए बनवून, मग प्रथिन घडवायचे म्हटले तर बराच वेळ जाईल. प्रथिन आधीच तयार होत असेल तर त्याचा नाश थांबवला की पुरे. एटीएम नेमके तेच करते. ते पी-५३वर आणि एमडीएम-२वरही फॉस्फेट बसवते, पकड सैल होते, आणि पी-५३ साचू लागते. साचलेले पी-५३ डीएनएला बांधले जाऊन पी-२१ सारख्या चक्र थांबवणाऱ्या जनुकांना चालना देते, तसेच बॅक्स आणि प्यूमा यांसारख्या, पेशीला नियोजित मृत्यूकडे नेणाऱ्या जनुकांनाही.

निवड कशी होते, याचे एक उत्तर वेळेत दडलेले आहे. पी-५३ ज्या जनुकांना चालना देते, त्यांत एमडीएम-२चे जनुकही आहे. म्हणजे पी-५३ वाढले की काही वेळाने त्याचा नाश करणारे प्रथिनही वाढते, मग पी-५३ घटते, मग एमडीएम-२ घटते आणि तूट अजून शिल्लक असेल तर पी-५३ पुन्हा वाढते. लाखो पेशी एकत्र दळून मोजमाप केले तर ही वर-खाली हालचाल सरासरीत पुसली जाते. २००४ साली गलित लहाव आणि उरी अलोन यांच्या गटाने वाइझमन संस्थेत पी-५३ आणि एमडीएम-२ यांना दोन वेगळ्या रंगांची चमकणारी प्रथिने जोडली आणि जिवंत पेशींचे एकेक करून तासन्‌तास चित्रण केले. तेव्हा दिसले की किरणांनंतर पी-५३चे स्पंद येतात, साधारण साडेपाच तासांच्या अंतराने. इजा जास्त म्हणून स्पंद उंच होत नव्हता. प्रत्येक स्पंद साधारण सारख्याच उंचीचा आणि रुंदीचा, फक्त इजा वाढली की स्पंदांची संख्या वाढत होती.

पुढे २०१२ साली लहाव यांच्याच गटाने एका औषधाच्या मोजक्या मात्रा देऊन या स्पंदांचे सलग, न उतरणाऱ्या पातळीत रूपांतर केले. एकूण पी-५३ सारखेच राहील अशी काळजी घेतली होती. स्पंद अनुभवलेल्या पेशींपैकी बऱ्याच सावरून पुन्हा विभाजित होऊ लागल्या. सलग पातळी अनुभवलेल्या पेशी बहुतांशी कायमच्या थांबल्या. प्रथिन तेच, प्रमाण जवळपास तेच, परंतु काळातली मांडणी बदलली आणि निर्णय बदलला. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी होणाऱ्या इजेत तर असे अनेक स्पंद येतच नाहीत, एकच मोठा, इजेच्या प्रमाणात वाढणारा प्रतिसाद येतो. म्हणजे कोणत्या प्रकारची इजा आहे, हेही या मांडणीतून पुढे सांगितले जाते.

हे संपूर्ण उत्तर नाही. पेशी कोणत्या ऊतीतली आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. त्याच मात्रेला थायमसमधील लसिकापेशी मरतात आणि संयोजी ऊतीतील पेशी केवळ थांबतात.


मृद्गंध

लेख आणि वरील प्रतिसाद दोन्ही उत्तम आहेत. मी या क्षेत्रात काही वर्षे काम केले आहे, म्हणून एका मुद्द्यावर भर घालू इच्छितो.

एटीएमचे दोन रेणू बिलगून असतात आणि तुटीनंतर वेगळे होतात, हे चित्र २००३ साली बॅकेनिस्ट आणि कास्टन यांनी मांडले. १९८१ क्रमांकाच्या सेरीनवर एटीएम स्वतःवरच फॉस्फेट बसवते आणि जोडी सुटते, असे त्यांनी दाखवले. ०.५ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) इतक्या थोड्या मात्रेनंतरही पेशीतील बहुतेक सर्व एटीएम रेणूंवर ही खूण झपाट्याने उमटते. एवढ्या मात्रेत केंद्रकात मोजक्याच तुटी असतात, म्हणून त्यांनी असाही विचार मांडला की एटीएमला तूट स्वतः स्पर्शून ओळखण्याची गरज नसावी, आसपासच्या डीएनए-गुंडाळणीत झालेला बदलच दूरवर जाणवत असावा. मात्र २००६ साली उंदरांत ती सेरीन बदलून टाकली, तरी एटीएम व्यवस्थित सक्रिय होत राहिले. त्यामुळे ती खूण सक्रियतेचे कारण आहे की केवळ सक्रियतेची निशाणी, यावर मतभेद झाले. एमआरएन गट मात्र या वादात टिकून राहिला. शुद्ध केलेली प्रथिने आणि डीएनएचे तुकडे परीक्षानळीत एकत्र केले, तर एमआरएनच्या उपस्थितीतच एटीएमला तुटीच्या टोकांमुळे चालना मिळते. मूळ लेखातील क्रम योग्य आहे. जोडी सुटण्याच्या पायरीला मात्र इतक्या ठामपणे आरंभस्थान देऊ नये, असे मला वाटते.


केतकीवन

मृद्गंध, आभारी आहे. उंदरांवरील निष्कर्षाचे वजन मला मान्य आहे, आणि वाचकांनी मूळ लेखातील ते वाक्य आपल्या प्रतिसादासह वाचावे.


दक्षिणवारा

मी किरणोपचार विभागात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे ही चर्चा माझ्या रोजच्या कामाच्या आतल्या बाजूची आहे. १ ग्रे मात्रेने एका मानवी पेशीत साधारण २० ते ४० दुहेरी तुटी होतात, शिवाय एकेरी धाग्याच्या सुमारे १,००० तुटी होतात. एकेरी तुटी बहुतेक भरून निघतात. पेशी मरते ती दुहेरी तुटींमुळे. कर्करोगाच्या रुग्णाला पुष्कळदा दिवसाला २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, अशी विभागून मात्रा दिली जाते. रुग्ण आणि नातेवाईक हमखास विचारतात की एकदाच सगळी मात्रा देऊन का टाकत नाही. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु मुख्य कारण याच चर्चेत आहे: दोन मात्रांमधल्या तासांत निरोगी ऊतीला दखल घेऊन, थांबून, जोडकाम पूर्ण करण्याची संधी मिळते, आणि गाठीतल्या पेशी अनेकदा त्या कामात उण्या असतात.

पण थांबा हा परिपूर्ण नसतो, हेही नोंदवावेसे वाटते. विभाजनाच्या ठीक आधीचा थांबा उठतो तेव्हा सगळ्या तुटी भरलेल्या असतातच असे नाही. साधारण १० ते २० तुटी शिल्लक असतानाही पेशी विभाजनात शिरते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे या यंत्रणेला एक उंबरठा आहे, आणि त्याखालच्या तुटींसाठी ती थांबून राहत नाही.


ओंजळ

दक्षिणवारा यांच्या प्रतिसादावरून विचारते. माझ्या वडिलांचे दोनदा सीटी स्कॅन झाले आहे आणि घरात सर्वांना त्याची काळजी वाटते. इतक्या कमी मात्रेतही ही यंत्रणा जागी होते का? आणि ती जागी होणे चांगले की वाईट?


दक्षिणवारा

ओंजळ, होते. २००५ साली जर्मनीतील लोब्रिख यांच्या गटाने सीटी स्कॅन झालेल्या रुग्णांच्या रक्तातील लसिकापेशी घेऊन त्यांतले गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके मोजले. स्कॅननंतर ठिपके वाढलेले दिसले, आणि पुढच्या काही तासांत ते घटत गेले. त्यांच्यातील एका रुग्णात ठिपके अधिक होते आणि ते दीर्घकाळ टिकले; त्या रुग्णाला पूर्वी किरणोपचाराचे तीव्र दुष्परिणाम झाले होते. म्हणजे साध्या रक्ताच्या नमुन्यातूनही एखाद्या व्यक्तीची दुरुस्तीची क्षमता कमी आहे का, याचा सुगावा लागू शकतो.

ठिपके दिसणे म्हणजे आजार होणे नव्हे. ती दखल घेतली गेल्याची खूण आहे. तशाच तुटी पेशीत रोजच्या व्यवहारातही होत असतात. सीटी स्कॅन वैद्यकीय कारणासाठी आवश्यक असेल तर तो टाळणे हे बहुधा अधिक धोक्याचे ठरते. विनाकारण वारंवार करू नये, एवढेच माझे व्यावसायिक मत आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत त्यांच्या डॉक्टरांशी नक्की बोलावे.


पाणकणीस

माझ्या मावशीला बीजाशयाचा कर्करोग आहे आणि तपासणीत बीआरसीए-१ जनुकात दोष आढळला. त्यावरून तिला ओलापारिब हे औषध सुरू झाले आहे. मूळ लेखात बीआरसीए-१चा उल्लेख वाचला आणि प्रश्न पडला. डीएनए वाचवणारे प्रथिन आधीच निकामी असताना, डीएनएची दुरुस्ती आणखी बिघडवणारे औषध का देतात? डॉक्टरांनी समजावून सांगितले होते, परंतु त्या वेळी मनःस्थिती अशी होती की काहीच डोक्यात शिरले नाही.


केतकीवन

पाणकणीस, मावशींना लवकर आराम पडो. औषधाबद्दलचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच; त्यामागचे जीवशास्त्र मात्र मी सांगू शकते.

एकेरी धाग्याची तूट प्रथम ओळखणारे प्रथिन पार्प-१ आहे. ते तुटीवर बसते, स्वतःवर आणि शेजारच्या प्रथिनांवर एडीपी-रायबोजच्या लांब साखळ्या जोडते, त्या साखळ्यांकडे जोडकाम करणारी प्रथिने ओढली जातात, आणि मग पार्प-१ सुटून निघून जाते. ओलापारिब या औषधाने साखळ्या जोडण्याचे काम बंद पडते. पार्प-१ तुटीवर बसते, पण सुटत नाही. तिथेच अडकून राहते. पेशी डीएनएची प्रत काढायला लागली की प्रत काढणारी यंत्रणा या अडथळ्यावर आदळते आणि एकेरी तुटीची दुहेरी तूट होते.

निरोगी पेशीला हे चालून जाते, कारण तिच्याकडे नुकत्याच काढलेल्या प्रतीवरून अचूक नक्कल करण्याचा मार्ग असतो. त्या मार्गावर बीआरसीए-१ टोके सज्ज करण्यास मदत करते आणि बीआरसीए-२ हे रॅड-५१ नावाच्या प्रथिनाला उघड्या धाग्यावर बसवते. मावशींच्या शरीरातील इतर पेशींत बीआरसीए-१ची एक चांगली प्रत असते, म्हणून त्या पेशी तगतात. गाठीतल्या पेशींनी बहुधा तीही गमावलेली असते. त्यांच्यापुढे उरतो तो टोके कशीतरी जोडण्याचा मार्ग, गुणसूत्रे चुकीची जोडली जातात, आणि पेशी मरतात. दोन दोषांपैकी कोणताही एक चालतो, दोन्ही एकत्र मात्र घातक ठरतात. २००५ साली दोन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी दाखवले आणि डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकेत ओलापारिबला बीजाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. इजा ओळखण्याच्या यंत्रणेविषयीच्या मूलभूत संशोधनातून रुग्णापर्यंत पोहोचलेले इतके सरळ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.


पाणकणीस

मनापासून आभार. हा प्रतिसाद मी मावशीला वाचून दाखवणार आहे.


सदाफुली

आणखी एक प्रश्न, कारण तो आमच्या भागात रोज डोळ्यांसमोर असतो. आमच्याकडे अनेक बायका सकाळी मिश्री लावतात. तंबाखूमुळेही डीएनएला इजा होते असे आपण मुलांना शिकवतो. तिथेही एटीएमच जागे होते का?


मृद्गंध

मुख्यतः नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू; त्यातही तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक रसायने असतात. शरीरात त्यांचे रूपांतर झाल्यावर ते डीएनएच्या बेसला रासायनिक गट जोडतात, कधी छोटा मिथिल गट, तर कधी मोठा, अवजड गट. इथे दोन्ही धागे अखंड असतात, म्हणून दुहेरी तुटीची वार्ता जातच नाही. छोटे गट काढणारी वेगळी प्रथिने आहेत, आणि अवजड गट असलेला धाग्याचा तुकडा कापून काढणारी वेगळी. पण ती पोहोचण्याआधी पेशी प्रत काढू लागली, तर प्रत काढणारी यंत्रणा अडते, पुढचा भाग उलगडला जातो, आणि एकेरी धाग्याचा लांब पट्टा उघडा पडतो. त्या उघड्या पट्ट्यावर आरपीए नावाचे प्रथिन चढते. २००३ साली ली झोऊ आणि स्टीफन एलेज यांनी दाखवले की आरपीएने मढवलेला हा पट्टाच एटीआर या दुसऱ्या कायनेजला, त्याच्या जोडीदार प्रथिनामार्फत, बोलावून घेतो. एटीआर पुढे सीएचके-१ला जागे करते आणि प्रत काढण्याच्या नव्या जागा उघडणे थांबते.

एटीएम आणि एटीआर ही एकाच कुटुंबातली कायनेजे आहेत आणि पुष्कळ लक्ष्ये सामाईक आहेत. एलेज यांच्याच गटाने २००७ साली ७००हून अधिक प्रथिनांवर या दोघांशी संबंधित ९००हून अधिक खुणांच्या जागा मोजल्या, त्यांत दुरुस्तीशी ज्यांचा संबंध कोणाला वाटला नव्हता अशीही प्रथिने होती. मात्र एटीएमशिवाय माणूस जन्माला येऊ शकतो, एटीआर मुळीच नसेल तर गर्भ टिकत नाही. प्रत काढताना रोज येणारे अडथळे एटीआरच सांभाळते.

आता मिश्रीकडे परत. ती वर्षानुवर्षे रोज हिरड्यांना लागते, म्हणजे तोंडाच्या अस्तरातील मूळ पेशी रोज याच परिस्थितीतून जातात. प्रत्येक वेळी सगळे गट वेळेत निघतीलच असे नाही. काहींवरून चुकीचा बेस बसवून पेशी पुढे जाते. असा एखादा चुकीचा बेस पी-५३च्या जनुकातच बसला, तर पुढची इजा झाल्यावर थांबवणारेच नाहीसे झालेले असते. मुखकर्करोगात पी-५३ची उत्परिवर्तने मोठ्या प्रमाणात आढळतात, त्यामागचे हे एक कारण आहे. मुलांना शिकवताना हा टप्पा आवर्जून सांगावा, असे मी सुचवेन: तंबाखू डीएनए बिघडवतो, आणि कालांतराने बिघाडाची दखल घेणारी यंत्रणाही बिघडवतो.


रानवाट

हत्तीच्या पेशींत पी-५३ जनुकाच्या एकूण २० प्रती असतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले होते. इतक्या प्रचंड शरीरात पेशी कितीतरी अधिक असूनही हत्तींना कर्करोग कमी होतो, त्याचे हेच कारण मानावे काय?


केतकीवन

रानवाट, एक कारण म्हणून मानावे, एकमेव कारण म्हणून नव्हे. त्या २०पैकी एकच प्रत मूळ रूपातली आहे. बाकीच्या १९ आरएनएवरून उलट नक्कल होऊन डीएनएत शिरलेल्या, बऱ्याचशा अपुऱ्या प्रती आहेत. तरीही हत्तीच्या लसिकापेशींना किरण दिले तर त्या माणसाच्या पेशींपेक्षा अधिक सहजपणे मरतात, हे खरे आहे. दुरुस्तीच्या खटपटीत न पडता संशयित पेशी काढून टाकण्याकडे त्यांचा कल दिसतो. इतर मोठ्या प्राण्यांनी वेगळे मार्ग घेतले आहेत. देवमाशांत पी-५३च्या अशा जादा प्रती आढळलेल्या नाहीत.


ओंजळ

शेवटी एक विचारते. मूळ लेखातील मुलांचा तोल का जातो? मेंदूतील चेतापेशी तर विभाजितच होत नाहीत. मग विभाजन थांबवता न येण्याचा त्यांना काय तोटा?


मृद्गंध

ओंजळ, या आजारावर काम करणारे सारे जण याच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत. अनुमस्तिष्कातील, म्हणजे मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागातील, पुरकिंजे नावाच्या चेतापेशी या मुलांत हळूहळू नाहीशा होतात, आणि तोल त्यामुळे जातो. त्या पेशी विभाजित होत नाहीत, त्यामुळे विभाजनाच्या थांब्याने हे समजावता येत नाही.

दोन विचारधारा आहेत. पहिलीनुसार, चेतापेशी जनुके सतत वाचत असतात आणि त्या वाचनात डीएनएचा पीळ सोडवताना तुटी होतात. एटीएम नसेल तर त्या साचत जातात. दुसरी २०१० साली टॅन्या पॉल यांच्या गटाने दाखवलेल्या गोष्टीवर आधारलेली आहे: ऑक्सिडीकरणाचा ताण आला तर एटीएमचे दोन रेणू एकमेकांना गंधकाच्या बंधाने जोडले जाऊन सक्रिय होतात, आणि त्यासाठी डीएनए तुटलेला असण्याची किंवा एमआरएन गटाची मुळीच गरज नसते. पुरकिंजे पेशी भरपूर प्राणवायू वापरतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. एमआरई-११मध्ये दोष असलेल्या रुग्णांचाही तोल जातो, हे पहिल्या विचाराच्या बाजूने जाते. पण त्यांचा आजार सहसा उशिरा सुरू होतो आणि सौम्य असतो, हे दुसऱ्याच्या बाजूने. माझा स्वतःचा कल दोन्ही कारणे एकत्र काम करतात याकडे आहे, कारण ऑक्सिडीकरणाचा ताण स्वतःही डीएनएचे धागे तोडतो आणि एटीएम नसलेल्या पेशीला दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी उणीव भासते.